तिसरा ट्रे ठेवू नका, ताई : अंड्यातच मेलेल्या पिल्लांबद्दल

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्या राधानगरी तालुक्यात राहतात. बचत गटाच्या कर्जातून नव्वद अंड्यांचं, पंखा असलेलं अंडी उबवायचं मशीन घेतलं आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात ८४ गावरान अंडी लावली. सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात तपासून ११ बाद केली, अठराव्या दिवशी आणखी ७. उरलेल्या ६६ अंड्यांतून २८ पिल्लं स्वतःहून निघाली, तीही बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी. न राहवून ९ अंडी त्यांनी हाताने सोलून पिल्लं सोडवली, त्यातली ३ जगली. बाकी २९ तशीच राहिली. चार-पाच फोडून पाहिली तर आत पूर्ण वाढलेलं पिल्लू मेलेलं आणि अंगाभोवती चिकट पाणी. मशीनवर तापमान ३७.७ आणि आर्द्रता ६० ते ६५ दिसत होती. पाण्याचे दोन्ही ट्रे पहिल्या दिवसापासून काठोकाठ. शेवटचे तीन दिवस ओलावा टिकावा म्हणून मशीनची हवेची भोकं कापडाने बंद. मध्ये दोनदा लाईट गेली, एकदा पाच तास. आता कोणीतरी त्यांना सांगितलंय की पिल्लू कवचाला चिकटून मेलं म्हणजे पाणी कमी पडलं, पुढच्या वेळी तिसरा ट्रे ठेवा. ठेवू का, असं विचारतात.

नका ठेवू. उलट पाऊस आहे तोवर पुढच्या बॅचला पहिले अठरा दिवस दोन्ही ट्रे कोरडे राहू देत. एवढंच उत्तर हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. पण त्यामागचं कारण कळलं नाही तर मार्चमध्येही तुम्ही मशीन कोरडंच चालवाल आणि तेव्हा अंडी आतून सुकून जातील. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी माण तालुक्यातला. चौदा वर्षं गावरान पिल्लं काढतोय. सुरुवात थर्मोकोलच्या खोक्यात दोन बल्ब लावून केली, आता बाराशे अंड्यांचं मशीन आहे. आमच्याकडे पाऊस पाहुण्यासारखा, आला तर आला. त्यामुळे माझी निम्मी हयात मशीनमध्ये पाणी घालण्यात गेली. तुमच्याकडे बरोबर उलटं दुखणं आहे.

आधी तुमच्याच आकड्यांकडे बघा. ८४ पैकी सातव्या दिवशी ११ गेली. गावातून गोळा केलेल्या अंड्यांत एवढी वांझ किंवा सुरुवातीलाच मेलेली निघतातच. कुणाकडे कोंबडाच नसतो, कुणाकडे वीस कोंबड्यांत एक म्हातारा कोंबडा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा हे आमचं प्रमाण. मधल्या अकरा दिवसांत ७ गेली, तीही फार नाहीत. खरं भगदाड शेवटी आहे. अठराव्या दिवशी जिवंत असलेल्या ६६ पैकी ३५ गेली. माझ्या मशीनमध्ये अठराव्या दिवसानंतर शंभरात आठ-दहा गेली तरी मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालतो. म्हणजे तुमची अंडी बरी होती, कोंबडा बरा होता, सुरुवातीची ऊबही बरी असावी. मेली शेवटच्या तीन दिवसांत, पण त्यांच्या मरणाची तयारी आधीच्या अठरा दिवसांत झाली होती. कशी, ते सांगतो.

अंडं श्वास घेतं, तसं ते पाणीही सोडतं. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यातून आतलं पाणी वाफ होऊन जात राहतं. जितकं पाणी गेलं तितकी बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण ११ ते १३ टक्क्यांनी घटायला हवं. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू चोचीने आतला पडदा टोचतं आणि त्या पोकळीतली हवा घेतं. त्याचा तो पहिला श्वास. तोपर्यंत ते कवचाच्या आतून पसरलेल्या रक्तवाहिन्यांवर जगत असतं. अंड्यातून पाणी गेलंच नसेल तर पोकळी लहान राहते, पिल्लू पाणी धरून फुगलेलं असतं, त्याला वळायला जागा नसते आणि चोच हवेऐवजी पाण्यात उघडते. तुम्ही फोडलेल्या अंड्यांत ते चिकट पाणी होतं ना, ते बाहेरून आलेलं नाही. ते अठरा दिवसांत जायला हवं होतं आणि गेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मशीनवर तर साठच दिसत होतं. इथे एक हिशेब समजून घ्या. बाहेरची ओली हवा मशीनमध्ये शिरून तापली की तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण गरम हवेची पाणी धरायची ताकद वाढलेली असते, म्हणून टक्का घसरतो. राधानगरीत जुलैमध्ये बाहेर २५ अंश आणि ९० टक्के असेल तर तीच हवा ३७.५ अंशाला सुमारे ४४ टक्के भरते. एक थेंब पाणी न घालता. अठरा दिवसांसाठी मी ४५ ते ५० धरतो, म्हणजे तुमचं काम पावसानेच केलेलं आहे. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी बाहेर ३८ अंश आणि १८ टक्के असतात. ती हवा मशीनमध्ये जेमतेम अठराच राहते, तिथे एका ट्रेने भागत नाही, मी ओली गोणपाटं लावतो. थंडीतही फसायला होतं. डिसेंबरच्या पहाटे बाहेर १५ अंश आणि ६० टक्के, पण मशीनच्या आत भरतात फक्त १६ टक्के. म्हणून मोबाईलवर बघून ‘दोन ट्रे भरा’ म्हणणारा माणूस कुठल्या गावात आणि कुठल्या महिन्यात बसून सांगतोय ते आधी विचारा.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून एवढ्या ठामपणे बोलतोय. मेहुणा चिपळूणजवळ राहतो. सात-आठ वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये त्याला दीडशे अंड्यांचं मशीन लावून दिलं. माणची सवय, दोन्ही ट्रे भरले आणि त्याला बजावलं की पाणी आटू द्यायचं नाही. बिचारा रात्री उठून पाणी घालायचा. दीडशेत ५२ पिल्लं निघाली, फुगलेल्या पोटाची, बोट लावलं तर लिबलिबीत, नीट उभीही राहीनात. बाकीची कवचातच. बहिणीच्या सासूबाई शेजारी एका डालग्यात खुडूक कोंबडी बसवून होत्या, तिच्या तेरातली बारा निघाली. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त ते डालगं माझ्या समोरून दोनदा घेऊन गेल्या. तेव्हापासून मी आर्द्रतेच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. अंड्याचं वजन करतो.

तुम्हीही तेच करा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा पुरतो. बॅच लावताना दहा अंडी निवडा, प्रत्येकावर पेन्सिलने क्रमांक आणि वजन लिहा. शाईचं पेन नको. गावरान अंडं ४२ ग्रॅमचं धरलं तर दहांचं वजन ४२० ग्रॅम. सातव्या दिवशी ते ४०० च्या आसपास यायला हवं, चौदाव्या दिवशी ३८१, अठराव्या दिवशी ३७०. मधे एखादं वांझ निघालं तर त्याचं वजन हिशेबातून वगळा, म्हणूनच सगळ्यांवर वेगवेगळं लिहायचं. सातव्या दिवशी ४१० भरले तर अंडी पाणी सोडत नाहीत, ट्रे काढा, भोकं उघडा. ३९० भरले तर जास्त सुकतायत, पाणी घाला. हे वळण चौदाव्या दिवसापर्यंतही देता येतं, विसाव्या दिवशी काही हाती राहत नाही. काटा नसेल तर उजेडात धरून हवेच्या पोकळीची कड पेन्सिलने आखत जा. अठराव्या दिवशी पोकळी अंड्याच्या पाव ते एक तृतीयांश उंचीची दिसली की समाधान. तुमच्याकडची उरलेली अंडी अजून असतील तर आत्ताच बघा, माझा अंदाज आहे की पोकळी रुपयाच्या नाण्याएवढीसुद्धा नसेल.

एक अडचण मात्र मान्य करतो. बॅचमध्ये लहान-मोठी अंडी मिसळलेली असली तर एकच आर्द्रता सगळ्यांना बसत नाही. लहान अंडं लवकर सुकतं, मोठं उशिरा. गावरानच्या जोडीला वनराजा किंवा गिरिराज या सुधारित जातींची पंचावन्न ग्रॅमची अंडी त्याच मशीनला लावली असतील तर कुठेतरी मार बसणारच. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, पण ‘गावातून आणलेली’ म्हटलं की मला शंका येते.

आता उशिराचं. कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांचं. गावरान लहान अंडी माझ्याकडे विसाव्या दिवशी रात्रीच चोच मारायला लागतात. तुमची पिल्लं बाविसाव्याला सुरू झाली याचा अर्थ मशीन ३७.७ दाखवत होतं, पण अंड्यांना तेवढं मिळत नव्हतं. अर्ध्या-पाऊण अंशाचा फरक अख्ख्या बॅचभर राहिला तर दिवस-दीड दिवसाचा उशीर होतो हा माझा अनुभव. अंडी शिळी असली तरी उशीर होतो. ८४ अंडी गोळा करायला तुम्हाला किती दिवस लागले ते तुम्ही सांगितलेलं नाही. सात दिवसांच्या आतली अंडी घ्यावीत, दहाच्या पुढची मी खाण्याला देतो. फ्रीजमधली तर लावूच नका. ठेवताना निमुळतं टोक खाली, थंड सावलीच्या खोलीत. उन्हाळ्यात मी माठाच्या शेजारी ओल्या वाळूवर गोणपाट टाकून त्यावर ट्रे ठेवतो.

तापमान तपासायला महागडं काही लागत नाही. औषधाच्या दुकानातला तापाचा डिजिटल थर्मामीटर नेमका याच पट्ट्यात खात्रीचा असतो, कारण माणसाचा ताप आणि अंड्याची ऊब जवळजवळ एकच. इंजेक्शनची रिकामी बाटली, रबरी बुचाची, पाण्याने भरून अंड्यांच्या मधोमध ठेवा. चार तासांनी काढा, लगेच बूच उघडून थर्मामीटर बुडवा. ९९.५ फॅरनहाइट म्हणजे ३७.५ सेल्सिअस दिसायला हवं. हवेतलं तापमान पंख्याबरोबर वर-खाली होतं, बाटलीतलं पाणी अंड्यासारखं सरासरी धरतं. चारही कोपऱ्यांत एकेकदा करा. स्वस्तातल्या मशीनमध्ये पंख्याजवळचा कोपरा आणि दरवाज्याजवळचा कोपरा यांत एक अंशाचा फरक मी पाहिलेला आहे, अशा वेळी तपासणीच्या दिवशी अंड्यांच्या जागा बदलाव्यात. आर्द्रतेचं मीटर तपासायचं तर बाटलीच्या झाकणात खायचं मीठ घ्या, दोन-चार थेंब पाण्याने ओलसर करा, विरघळू देऊ नका, मीटरसोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसले पाहिजेत. ६८ दिसले तर तुमचं मीटर सात कमी सांगतं, म्हणजे तुमचे ‘साठ’ खरे सदुसष्ट होते.

भोकं बंद केलीत ते मला पाण्यापेक्षाही जास्त खटकलं. शेवटच्या तीन दिवसांत आर्द्रता ६५ ते ७० हवी हे खरं, तेव्हा ट्रे भरावेत. पण त्याच तीन दिवसांत अंड्यातलं पिल्लू सगळ्यात जास्त हवा ओढतं, तेव्हा ते जवळजवळ जन्मलेलंच असतं. सहासष्ट पिल्लं एका बंद पेटीत कोंडली तर काय होईल, ते आपणच डोळे मिटून बघावं. ओलावा पाण्याच्या पसरट ट्रेने वाढवायचा, पाण्याची खोली नाही, पृष्ठभाग मोठा पाहिजे. भोकं अर्धी तरी उघडी राहिलीच पाहिजेत. तुमचा तोटा पाण्याने झाला की कोंडण्याने, हे मला इथे बसून वाटून सांगता येणार नाही. दोन्ही मिळून असणार.

लाईट जाण्याला तुम्ही जेवढं घाबरलात तेवढं घाबरायचं कारण नाही, पण कुठल्या दिवशी गेली यावर बरंच अवलंबून आहे. पहिल्या आठवड्यात पाच तास गार पडलं तर वाढ थबकते, पिल्लं थोडी उशिरा निघतात, बहुतेक जगतात. कोंबडीसुद्धा रोज पंधरा-वीस मिनिटं खायला उठतेच. मशीन उगाच उघडायचं नाही, वरून गोधडी टाकायची, भोकं सोडून. गरम पाण्याच्या दोन बाटल्या आत ठेवता आल्या तर उत्तम. पंधराव्या दिवसानंतर अंडी स्वतःच ऊब तयार करतात, तेव्हा गोधडीत गुंडाळून कोंडणं जास्त धोक्याचं. गारव्यापेक्षा उष्णता वाईट, हे कायम लक्षात ठेवा. मला सगळ्यात मोठा फटका बसला तो लाईट असताना. कंट्रोलरचा रिले आतून चिकटला, हीटर रात्रभर बंदच झाला नाही, पहाटे दार उघडलं तर आत ४३. सहाशे अंडी शिजल्यासारखी. तेव्हापासून हीटरच्या वायरीत एक साधा वेगळा थर्मोस्टॅट जोडलेला आहे, ३८.५ ला तोडणारा. गावातला वायरमन अर्ध्या तासात बसवून देतो. इन्व्हर्टर घ्यायचा विचार असेल तर शंभर वॅटच्या मशीनला १५० एएचची चांगली बॅटरी आठ-नऊ तास ओढते.

आता त्या उरलेल्या अंड्यांकडे या. चोवीस दिवस झाले, आता काही निघणार नाही. पण ती उकिरड्यावर फेकू नका, त्यांचे पैसे तुम्ही भरलेले आहेत, निदान त्यांच्याकडून माहिती तरी घ्या. घराबाहेर बसा, नाकाला फडकं बांधा, हातमोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या घाला. जे अंडं हलकं, घाण वासाचं, कवचावर घाम आल्यासारखं दिसतं ते फोडू नका, सरळ पुरा. ते फुटलं की वास आठ दिवस जात नाही आणि मशीनमध्ये फुटलं तर शेजारच्या अंड्यांनाही लागण होते.

बाकीची बोथट टोकाकडून उघडा. चमच्याच्या मागच्या बाजूने हलकं टकटक करून कवचाची टोपी काढा, आतला पांढरा पडदा फाडण्याआधी थांबून बघा. पडद्यात चोचीचं भोक आहे का? असेल तर पिल्लाने श्वास घेतला होता आणि नंतर गुदमरलं किंवा पडदा सुकून अडकलं. नसेल, पोकळी लहान आणि पडदा कापल्याबरोबर पाणी आलं, तर वर सांगितलं तेच. मग पडदा काढा. डोकं उजव्या पंखाखाली आणि चोच पोकळीच्या दिशेला, ही बरोबर बैठक. डोकं निमुळत्या टोकाकडे असेल तर बहुधा अंडं उलटं लावलं गेलं होतं. गावरान अंडी गोलसर असतात, डोळ्याला टोक कळत नाही, अशा वेळी उजेडात पोकळी शोधून ती बाजू वर करावी. शेवटी पोट बघा. पिवळा बलक पोटात ओढला गेलाय की बाहेर लोंबतोय? बाहेर असेल तर पिल्लू दिवसांच्या हिशेबात मागे होतं, म्हणजे ऊब कमी. वहीत चार रकाने करा आणि प्रत्येक अंड्यामागे एक रेघ मारा. वीस अंडी झाली की कुठल्या रकान्यात गर्दी आहे ते दिसतंच. ‘पाणी आणि लहान पोकळी’ या रकान्यात दहाच्या वर रेघा भरतील असं मला वाटतं. तसं झालं नाही तर मला कळवा, मग माझाच अंदाज चुकला असेल.

याच पद्धतीने सातव्या आणि चौदाव्या दिवशी बाद केलेलीही फोडून बघायची सवय लावा. आत फक्त बलक, रक्त काहीच नाही, तर बहुधा वांझ. लाल कडी दिसली तर दोन-चार दिवसांत मेलेलं, बहुतेक शिळं अंडं किंवा वाहतुकीतले हादरे. आठ ते चौदा दिवसांच्या मधे बरीच मेलेली सापडली तर कोंबड्यांच्या खाण्याकडे बघा, नुसत्या मक्यावर किंवा तांदळाच्या कण्यांवर ठेवलेल्या कोंबड्यांत जीवनसत्त्वं कमी पडतात आणि ते अंड्यात उतरतं. तुमच्याकडे मधे सातच गेलीत, हा मुद्दा तुमच्यासाठी नाही.

हाताने सोडवलेल्या नऊ पिल्लांबद्दल. वाईट वाटून घेऊ नका, प्रत्येकजण पहिल्या दोन-चार बॅचला हे करतो. आतून चिवचिवाट ऐकू येत असताना हात बांधून बसणं फार अवघड. पण चोचीचं पहिलं भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात, आणि मधला बराच वेळ ते काहीच करत नाही असं आपल्याला वाटतं. तेव्हा ते कवचावरच्या रक्तवाहिन्यांतलं रक्त परत अंगात घेत असतं आणि बलक पोटात ओढत असतं. ते काम झालं की मग ते घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरत कवचाची टोपी कापतं. आपण आधीच सोललं तर रक्त वाहतं आणि बलक बाहेर राहतो. मी मदत करतो ती एकाच वेळी : भोक पडून चोवीस तास उलटले, पिल्लू जिवंत आहे, आणि पडदा कागदासारखा सुकून अंगाला चिकटलाय. कोमट पाण्यात कापूस बुडवून पडदा ओला करायचा आणि टोपीचा थोडा भाग काढायचा. लाल रेघ दिसली की हात मागे. तासाभराने परत बघायचं. आणि खरं सांगायचं तर अशी पिल्लं मी पुढे जोपासण्याच्या कळपात घेत नाही. ज्यांना बाहेर येता आलं नाही त्यांच्या पुढच्या पिल्लांनाही ते जमेल असं मला वाटत नाही. हे माझं मत, घरातल्या मुलांना पटत नाही.

दरवाजा वारंवार उघडणं हेही त्यातलंच. तुम्ही नऊ अंड्यांसाठी किती वेळा झाकण काढलंत? प्रत्येक वेळी आतली ओली गरम हवा निघून जाते आणि जी पिल्लं नुकतीच भोक पाडून बसली आहेत त्यांचा पडदा सुकतो. एकविसाव्या दिवशी मी मशीनला कुलूप लावतो, कारण बायको-मुलं सगळीच उत्सुक. निघालेल्या पिल्लांना घाई नसते, पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज काढतात. अंगावरची लव सुकून फुगली की मगच काढायची.

पुढच्या बॅचला पहिल्यापासून असं करून बघा : सात दिवसांच्या आतली स्वच्छ अंडी, न धुता, मळकी बाजूला. मशीन आधी एक दिवस रिकामं चालवून बाटली आणि मिठाने दोन्ही मीटर तपासा. जंतू मारायला देतात तो फॉर्मेलिन आणि पोटॅशचा धूर घरातल्या मशीनला देऊ नका, तो मोठ्या केंद्रांचा विषय, फुफ्फुसाला वाईट. साबणाच्या पाण्याने पुसून, ब्लीचिंगच्या सौम्य पाण्याचा हात फिरवून उन्हात सुकवलं की पुरे. ट्रे कोरडे, भोकं उघडी, दहा अंड्यांचं वजन सातव्या-चौदाव्या दिवशी. अठराव्याला टर्निंग, म्हणजे अंडी फिरवणं, बंद, ट्रे भरा, भोकं अर्धी उघडी, झाकण बंद. कोल्हापूरला जाणं झालं तर सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, सेटर (पहिल्या अठरा दिवसांचं मशीन) आणि हॅचर (शेवटच्या तीन दिवसांचं) वेगळे का ठेवतात ते तिथे पाच मिनिटांत डोळ्यांनी कळतं.

अजून एक, आणि हे मी दरवर्षी पावसाळ्यात करतो. मशीनला अंडी लावताना त्याच ढिगातली, त्याच दिवसांची बारा अंडी बाजूला काढून घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवतो. आई असताना ती टोपलीत भुसा, थोडी राख आणि कोळशाचा एक तुकडा टाकायची, विजा कडाडल्या तर अंडी नासू नयेत म्हणून. कोळशाचं मला माहीत नाही, राखेने उवा-पिसवा कमी होतात एवढं खरं. कोंबडीच्या बारातली दहा-अकरा निघाली आणि मशीनची निम्मी, तर दोष मशीनचा किंवा माझा. कोंबडीलाही पाच-सहाच काढता आली, तर अंड्यातच खोट आहे, मग कोंबडा आणि खाणं बघायला घेतो. असा ताळा दुसऱ्या कशानेच मिळत नाही. तुमच्या गावात या दिवसांत खुडूक कोंबडी शोधायला लांब जावं लागणार नाही. फक्त तिला अंधार पडल्यावर नव्या जागी बसवा, दिवसा हलवली तर उठून जुन्या कोपऱ्यात जाते आणि बारा अंडी गार पडतात.